व्यवसाय-सल्ला : नफा वहीत, रोकड कुठे?

छोट्या व्यावसायिकांनी नियोजनाविषयी पाठवलेल्या पत्रांतून काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : काम आहे, मेहनत आहे, गिऱ्हाइकेही आहेत, तरी महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. ज्या योजनेत पैसा कोणत्या आठवड्यात येणार आणि कोणत्या आठवड्यात जाणार हे लिहिलेले नाही, तिला योजना म्हणायला मी तयार नाही. म्हणून उत्तरांचा मोठा भाग त्यावरच दिला आहे. उदाहरणांतले आकडे कोणत्याही चलनाचे नाहीत. ते केवळ प्रमाण म्हणून वाचावेत आणि त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालून पाहावेत.

प्रश्न : माझा छपाईचा व्यवसाय आहे. किरकोळ कामे कमी करून मी संस्था आणि कंपन्यांची नियमित कामे घ्यायला सुरुवात केली. विक्री वाढली; हिशेबनीस सांगतात की नफाही वाढला आहे. तरीही कागदाच्या व्यापाऱ्याचे पैसे चुकवण्यासाठी मला वरचेवर हातउसने घ्यावे लागतात. नफा खरा असेल तर पैसा जातो कुठे?

उत्तर : तुमचा नफाही खरा असू शकतो आणि तुमची ओढाताणही. हिशेबनीस बिल केल्या दिवशी विक्री धरतात, तुम्ही मात्र पैसे हातात पडल्यावर ती धरता. मधल्या काळात व्यवसाय कोणाच्या पैशावर चालतो, हा तुमचा खरा प्रश्न आहे. किरकोळ गिऱ्हाईक काम नेताना पैसे देत होते. संस्था आणि कंपन्या उधारीवर काम घेतात. तुम्ही गिऱ्हाईक बदललेत, पण त्याबरोबर लागणारे जादा भांडवल कुठून येणार हे ठरवले नाही.

हे आकड्यांत पाहू. समजा, नियमित कामांची दरमहा विक्री १०० आहे. त्यासाठी कागद, शाई आणि प्लेट यांवर ५५, तर पगार, भाडे आणि वीज यांवर २५ असा ८० खर्च त्याच महिन्यात रोख भरावा लागतो. वहीत पहिल्या महिन्यापासून २० नफा दिसेल. पण गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देत असेल, तर पहिल्या महिन्याअखेर तुमच्या खिशातून ८० गेलेले असतील आणि दुसऱ्या महिन्याअखेर १६०. तिसऱ्या महिन्यात आणखी ८० जातील आणि पहिले १०० येतील, म्हणजे खड्डा १४०चा राहील. त्यापुढे दरमहा २० या गतीने तो भरत जाईल आणि बरोबर दहाव्या महिन्याअखेर तुम्ही शून्यावर याल. एकही बिल बुडाले नाही, एकाही गिऱ्हाइकाने उशीर केला नाही, असे धरूनही हे उत्तर येते. मध्येच पाचव्या-सहाव्या महिन्यात आणखी एक मोठे काम मिळाले, तर सगळे आनंदतील आणि खड्डा पुन्हा खोल होईल. वाढत्या व्यवसायाला रोकडीची चणचण भासते ती यामुळे, आणि मालक उधळ्या नसतानाही भासते. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा वेळी घरात आणि मनात दोष भलत्याच ठिकाणी दिला जातो.

याशिवाय काही पैसा नफ्याच्या हिशेबात दिसतच नाही. कर्जाच्या हप्त्यातले व्याज खर्चात येते, मुद्दल येत नाही. गोदामात पडून असलेला कागद वापरला जाईपर्यंत खर्चात धरला जात नाही, पण त्याचे पैसे गेलेले असतात. घरखर्चासाठी घेतलेली उचलही तशीच. विक्रीवर गोळा केलेला कर काही दिवस तुमच्या खात्यात राहतो आणि आपलाच वाटतो. उलट बाजूने घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी धरलेली रक्कम, खर्चात दिसतो, पण त्यासाठी त्या महिन्यात कोणाला काही द्यावे लागत नाही.

यावर करण्याचे पहिले काम म्हणजे तेरा आठवड्यांचा रोकड-अंदाज. एका मोठ्या कागदावर डावीकडे बाबी आणि वर तेरा आठवडे लिहा. तेरा आठवडे म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा : पुढे येणारी अडचण टाळता येईल इतका लांब आणि अंदाज हवेत जाणार नाही इतका जवळचा काळ. प्रत्येक आठवड्याची सुरुवातीची शिल्लक, येणारी रक्कम, जाणारी रक्कम आणि अखेरची शिल्लक मांडा. येणी लिहिताना बिलावरची मुदत धरू नका. त्या गिऱ्हाइकाने मागची पाच-सहा बिले प्रत्यक्षात किती दिवसांनी चुकवली हे वहीतून काढा आणि तेच दिवस धरा. बिलावर ३० दिवस लिहून ५२व्या दिवशी पैसे देणारे गिऱ्हाईक पुढच्या वेळीही साधारण तसेच वागते. हे पत्रक भरल्यावर प्रथम पाहायचा आकडा शेवटच्या आठवड्यातला नसतो, तेरापैकी सर्वांत खालच्या शिलकीचा असतो. ती शिलक शून्याखाली जात असेल, तर किती जाते आणि कोणत्या आठवड्यात जाते हे आज कळले. आज कळले म्हणजे व्यापाऱ्याशी, बँकेशी किंवा गिऱ्हाइकाशी बोलायला अवधी मिळाला. सात आठवडे आधी सवलत मागणारा माणूस आणि पैसे द्यायच्या सकाळी फोन करणारा माणूस यांच्याकडे व्यापारी एकाच नजरेने पाहत नाही. दर आठवड्याला एक जुना रकाना गळेल आणि पुढे एक नवा जोडला जाईल.

दुसरे काम उधारीच्या अटींचे. छपाईत नमुना मंजूर होणे हा स्पष्ट टप्पा आहे. कागदाच्या किमतीइतकी रक्कम त्या टप्प्यावर मागण्यात संकोच बाळगू नये. बिल महिनाअखेरीस एकत्र न करता माल पोचवला त्याच दिवशी पाठवावे, कारण गिऱ्हाइकाची मुदत बिलाच्या तारखेपासून सुरू होते आणि इथे गमावलेले दिवस पूर्णपणे आपलेच असतात. लवकर पैसे देणाऱ्याला सूट देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो हिशेब करून घ्यावा : ३० दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून २ टक्के सूट दिली, तर ते वर्षाला सुमारे २५ टक्के दराने पैसे उसने घेण्यासारखे आहे. बँकेचे व्याज त्याहून कमी असेल, तर सूट देऊ नये.

प्रश्न : योजना किती पानांची असावी? बँकेसाठी एकाने मला ४० पानी अहवाल करून दिला. त्यातले निम्मे मला स्वतःलाच समजत नाही.

उत्तर : जे तुम्हाला समजत नाही, त्यावर तुम्ही निर्णय घेऊ शकणार नाही, मग त्याची पाने कितीही असोत. बँकेला अहवाल हवा असेल तर तो द्यावा, पण स्वतःसाठी तीन कागद पुरेसे आहेत. एकावर बारा महिन्यांची विक्री आणि खर्च, दुसऱ्यावर वर सांगितलेला तेरा आठवड्यांचा रोकड-अंदाज, आणि तिसऱ्यावर गृहीतके. या तिसऱ्या कागदाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून त्याविषयी थोडे सांगतो.

विक्रीच्या आकड्यामागे किती गिऱ्हाइके, प्रत्येकाची किती खरेदी, किती वेळा, अशी गृहीतके असतात. ती एकाखाली एक लिहून प्रत्येकासमोर ‘मोजलेले’, ‘विचारलेले’ किंवा ‘अंदाजे’ यांपैकी एक शब्द लिहा. मोजलेले म्हणजे स्वतःच्या वहीतून किंवा प्रत्यक्ष निरीक्षणातून आलेले. विचारलेले म्हणजे पुरवठादाराने लेखी दिलेला भाव किंवा गिऱ्हाइकाने सांगितलेली गरज. बाकी सारे अंदाजे. मग अंदाजे असलेल्यांपैकी कोणते गृहीतक चुकले तर वर्षाचा नफा पुसला जाईल, हे पाहा. असे एखाद-दुसरेच निघते, आणि कर्ज काढण्याआधी तेवढे छोट्या प्रमाणावर तपासून घेणे हे तुमचे पहिले काम ठरते.

प्रश्न : आमचा शिवणकामाचा छोटा कारखाना आहे. एका मोठ्या कंपनीने ३,००० गणवेश-शर्टांची ऑर्डर ३० दिवसांत मागितली आहे. माझे पती म्हणतात, अशी संधी परत येत नाही. मला मात्र धास्ती वाटते. कसे ठरवावे?

उत्तर : ताई, आधी धास्तीचे आकड्यात रूपांतर करू, ती रास्त आहे की नाही हे मग आपोआप कळेल. तुमच्या पत्रात दिलेल्या माहितीप्रमाणे कटाईची क्षमता दिवसाला २०० नग, शिलाईची १२०, काज-बटणाची ७० आणि इस्त्री-घडीची १५० आहे. शिलाईच्या मशिनी जास्त असल्यामुळे आपण दिवसाला १२० शर्ट काढू शकतो असे तुम्ही धरले आहे. पण कारखान्यातून बाहेर पडणारा माल सर्वांत सावकाश टप्प्याच्या वेगानेच पडतो, आणि तुमच्याकडे तो टप्पा काज-बटणाचा आहे. त्यामुळे तुमची खरी क्षमता ७० आहे. शिलाई झालेले पण काज न झालेले शर्ट एका कोपऱ्यात साठत असतील, तर ते याचेच चिन्ह आहे. कारखान्यात अशी चळत कुठे साठते हे पाहिले की अडलेला टप्पा कळतो.

या ७० पैकी ३० नग जुन्या गिऱ्हाइकांना जातात, असेही तुम्ही लिहिले आहे. म्हणजे नव्या ऑर्डरसाठी दिवसाला ४० उरतात आणि ३,००० शर्टांना ७५ कामाचे दिवस लागतील. आता समजा, काज-बटणाची आणखी एक मशीन आणली आणि तिथली क्षमता १४० झाली. मग अडणारा टप्पा शिलाईचा होईल, १२०चा. त्यातून जुन्यांचे ३० वजा केले की ९० उरतात आणि ३४ दिवस लागतात. मशीन घेऊनही ऑर्डर ३० दिवसांत बसत नाही. साप्ताहिक सुट्या, एखादा कारागीर आजारी पडणे, कापड उशिरा येणे यांपैकी काहीही यात धरलेले नाही.

तेव्हा ‘घ्यावी की सोडावी’ असा प्रश्न न ठेवता कोणत्या अटींवर घ्यावी असा ठेवा. काजाचे काम काही आठवडे बाहेर करून घेता येते का, आणि त्याचा दर नगामागच्या नफ्यात बसतो का, हे पाहा. बसत असेल तर मशीन तूर्त घेऊ नका. कंपनीला सगळे शर्ट खरोखर एकाच दिवशी लागतात का, हे विचारा. पुष्कळदा गणवेश विभागवार वाटायचे असतात आणि तीन-चार हप्त्यांत माल चालतो. फक्त खरेदी विभागाच्या कागदावर एकच तारीख असते. हप्ते मान्य झाले, तर प्रत्येक हप्त्याचे बिल वेगळे आणि त्याचे पैसेही वेगळे, अशी अट लिहून घ्या. कापडासाठी आगाऊ रक्कम मागा किंवा कापड त्यांनीच पुरवावे असे सुचवा. नग कोणत्या कारणासाठी नाकारला जाईल आणि ते कोण ठरवणार, उशीर झाल्यास किती कपात होईल, ऑर्डरच्या मध्येच मापे बदलली तर त्याचा खर्च कोणाचा, हे तोंडी राहू देऊ नका. एक शर्ट नमुना म्हणून दोन्ही बाजूंच्या सहीने सीलबंद करून ठेवण्याची जुनी पद्धत फार उपयोगी आहे; वाद उभा राहिलाच तर तो शर्ट बोलतो.

आणखी एक गोष्ट पतींसमोर शांतपणे मांडावी. या ऑर्डरनंतर कंपनी नियमित काम देऊ लागली आणि एकूण विक्रीतला तिचा वाटा निम्म्याच्या वर गेला, तर भाव, मुदत आणि अटी हळूहळू तीच ठरवू लागेल. यासाठी मोठे काम नाकारावे असे मी म्हणणार नाही, पण योजनेची एक प्रत त्या कंपनीची विक्री शून्य धरून करावी. त्या प्रतीप्रमाणे भाडे, पगार आणि हप्ते तीन महिने निघत असतील, तर पुढे जायला हरकत नाही. निघत नसतील, तर नव्या जबाबदाऱ्या घेण्याआधी शिल्लक वाढवावी. ३० नगांच्या जुन्या गिऱ्हाइकांना या धावपळीत ताटकळत ठेवू नका. हातचे सोडून पळत्याच्या मागे लागण्याचा प्रकार अशाच वेळी घडतो.

प्रश्न : मी विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करतो. दिवसभर राबूनही पगारदार मित्रांइतके सुटत नाही. दर वाढवावेत तर गिऱ्हाईक जाईल, कमी करावेत तर वाढेल, असे वाटते. काय करावे?

उत्तर : दर ठरवताना तुमच्याकडून दोन चुका होत असाव्यात, असे पत्रातल्या हिशेबावरून दिसते. पहिली तासांची. २५ दिवस, दररोज आठ तास म्हणजे २०० तास, आणि महिन्याचा खर्च भागिले २०० असा तुमचा तासाचा दर आहे. पण जाण्यायेण्यात, सुटे भाग आणण्यात, फोनवर अंदाज सांगण्यात आणि झालेल्या कामाची हमी सांभाळण्यात त्यातले ८० तास गेले, तर पैसे मिळणारे तास १२०च उरतात. सगळा खर्च आणि तुमचा स्वतःचा मेहनताना या १२० तासांतूनच निघायला हवा, म्हणजे योग्य दर तुम्ही धरलेल्या दराच्या सुमारे पावणेदोन पट ठरतो. महिनाभर एका वहीत रोजचे तास लिहा. ८० हा माझा आकडा आहे, तुमचा वेगळा निघेल. त्याच वहीतून एका भागातली कामे एकाच दिवशी घेतली तर किती तास वाचतात, हेही कळेल.

दुसरी चूक टक्केवारीची. सुट्या भागांवर ४० टक्के चढवता म्हणून ४० टक्के नफा मिळतो असे तुम्ही लिहिले आहे. खरेदी ६० असेल तर ४० टक्के चढवून विक्री ८४ होते, आणि ८४ मधले २४ म्हणजे विक्रीच्या साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास. विक्रीवर ४० टक्के हवे असतील, तर ६० ची वस्तू १०० ला विकावी लागेल.

आता दर कमी करण्याविषयी. समजा, १०० च्या कामात बदलता खर्च, म्हणजे काम केले तरच होणारा खर्च, ६० आहे आणि ४० उरतात. दर १० टक्के उतरवले की ९० मधून ६० जाऊन ३० उरतील. पूर्वीइतकेच हाती राहायला कामे एक तृतीयांशाने वाढावी लागतील. राबणारे हात मात्र तेच दोन. उलट दर १० टक्के वाढवले तर कामामागे ५० उरतात, म्हणजे दर पाच गिऱ्हाइकांमागे एक गेले तरी उत्पन्न तेवढेच राहते आणि वेळ मोकळा होतो. सगळ्यांचे दर एकदम वाढवण्याचे धैर्य होत नसेल, तर नव्या गिऱ्हाइकांपासून सुरुवात करा आणि दोन महिने किती जण नाही म्हणतात ते मोजा. जवळजवळ कोणीच नाही म्हणत नसेल, तर तुमचे दर अजूनही कमी आहेत.

प्रश्न : सुट्या भागांच्या आमच्या दुकानात माल भरपूर आहे, पण नेमका हवा तो भाग नसतो. एका वेळी किती माल मागवावा, याचा काही नियम आहे का?

उत्तर : आहे, आणि तो जुना आहे. अमेरिकन अभियंता फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये त्याचे सूत्र मांडले : वर्षाची मागणी आणि एक ऑर्डर देण्याचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करावी, तिला एक नग वर्षभर सांभाळण्याच्या खर्चाने भागावे आणि येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढावे. सूत्राहून त्याचा अर्थ अधिक उपयोगी आहे. वर्गमूळ असल्यामुळे मागणी चौपट झाली तरी एका वेळी मागवायचा माल फक्त दुप्पट होतो. विक्री वाढली म्हणून त्याच पटीत साठा वाढवणारे इथेच पैसा अडकवून बसतात. दुसरे म्हणजे उत्तर थोडे चुकले तरी बिघडत नाही. योग्य संख्येपेक्षा २० टक्के अधिक मागवले, तर या दोन खर्चांची बेरीज २ टक्क्यांहूनही कमी वाढते. दुप्पट मागवले तर मात्र २५ टक्क्यांनी वाढते. मागणी साधारण एकसारखी असलेल्या भागांनाच हे सूत्र लागू पडते, हे ध्यानात असू द्या.

पण तुमची मूळ तक्रार नेमका भाग नसण्याची आहे, आणि तिचा संबंध किती मागवावे याहून केव्हा मागवावे याच्याशी आहे. पुरवठादाराला माल पोचवायला १० दिवस लागत असतील आणि रोज ३ नग जात असतील, तर साठा ३० वर येण्याआधीच ऑर्डर गेली पाहिजे, आणि पुरवठादार कधी कधी १४ दिवस लावत असेल तर ४२ वर. मागणीतल्या चढउतारासाठी त्यावर थोडे अधिक धरावे. हा आकडा प्रत्येक चालत्या भागाच्या खणावर चिकटवून ठेवा. वर्षभरात हाललाच नाही असा माल वेगळा काढून मिळेल त्या किमतीला विका. त्याची खरेदी-किंमत आठवून तो सांभाळत बसण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ मिळून व्यवसाय करतो. जागा आमच्या वडिलांची आहे. गरज पडेल तसे दोघेही गल्ल्यातून पैसे घेतो. अजून भांडण नाही, पण आता दोघांचेही संसार वाढले आहेत. काय व्यवस्था करावी?

उत्तर : भांडण नाही तोवरच ही व्यवस्था करता येते. एकाच गल्ल्यातून तीन वेगळी देणी निघत आहेत आणि ती एकमेकांत मिसळली आहेत. भाऊ रोज काम करतो त्याचा मेहनताना, दोघांनी भांडवल घातले त्यावरचा नफ्याचा वाटा, आणि वडिलांच्या जागेचे भाडे. या तिन्ही रकमा वेगळ्या ठरवा आणि लिहून ठेवा. मेहनताना कामाप्रमाणे असावा. तेच काम करायला बाहेरचा माणूस ठेवला असता तर त्याला काय दिले असते, हा त्याचा निकष. नफ्याचा वाटा भांडवलाप्रमाणे असावा आणि तो वर्षाचा हिशेब झाल्यावर वाटावा. वडील भाडे घेणार नाहीत म्हणाले तरी हिशेबात ते धरावे, नाहीतर व्यवसाय नफ्यात आहे की वडिलांच्या जागेवर तगून आहे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

व्यवसायाचे खाते आणि घरची खाती वेगळी करून ठरलेल्या तारखेला ठरलेला मेहनताना घरी न्यावा. मधेच लागले तर उचल म्हणून नोंद करून पुढच्या मेहनतान्यातून वळती करावी. एक भाऊ आजारी पडला, वेगळे व्हायचे म्हणाला किंवा त्याच्यामागे त्याच्या घरच्यांना वाटा द्यायची वेळ आली, तर व्यवसायाची किंमत कशी काढायची आणि पैसे किती मुदतीत द्यायचे, हेही त्याच कागदावर असावे आणि कायद्याच्या जाणकाराकडून तो पाहून घ्यावा. आज दोघांपैकी कोणालाच माहीत नाही की वेगळे होणारा कोण असेल. म्हणून आज ठरलेला नियम दोघांनाही न्याय्य असेल.

प्रश्न : माझी दुसरी शाखा दर महिन्याला तोट्यात दिसते. ती बंद करावी का?

उत्तर : शाखा बंद केल्यावर खरोखर कोणता खर्च थांबेल, हे आधी पाहा. समजा, शाखेची विक्री १०० आहे, मालाचा खर्च ६५, तिथले भाडे, पगार आणि वीज मिळून २५, आणि मुख्य कार्यालयाच्या खर्चातला तिच्या नावे टाकलेला वाटा १८. वहीत ८ तोटा दिसतो. पण शाखा बंद झाली तरी ते १८ थांबणार नाहीत. ते पहिल्या शाखेवर येऊन पडतील आणि या शाखेतून येणारे १० मात्र जातील. म्हणजे तोट्यातली शाखा बंद करून एकूण नफा १० ने घटेल. हा १८ चा वाटा वगळूनही शाखा उणे राहत असेल, किंवा तुमचा स्वतःचा वेळ तिथे इतका जात असेल की पहिल्या शाखेची विक्री घसरू लागली आहे, तर निर्णय वेगळा होईल. अशा वेळी जागेच्या करारात सूचना देण्याची मुदत किती आहे ते पाहा, तिच्या एक महिना आधीची तारीख ठरवा, आणि त्या तारखेला विक्री किती असली तर शाखा ठेवायची हे आजच लिहून भागीदाराला किंवा घरच्यांना दाखवून ठेवा. तिथल्या कामगारांना मात्र कायद्याने द्यायची सूचना आणि देणी या हिशेबात आधीच धरलेली असली पाहिजेत.